सहा मोहरांचा कागद

केफालोनचं वय फार नव्हतं, पण गावात सगळे त्याला म्हाताराच म्हणायचे. सीरियाच्या लढाईत त्याचा डावा पाय कामातून गेला होता आणि चालताना दर पावलाला त्याच्या तोंडून ‘हं’ असा आवाज निघायचा, त्यामुळे तो येतोय हे वळणापलीकडूनच कळायचं. लढाईबद्दल राजानं त्याला कालव्याकाठी जमिनीचा तुकडा दिला होता. नांगरामागे चालणं पायाला झेपेना, म्हणून मुलगा हाताशी येईपर्यंत त्यानं जमीन खंडानं लावली आणि स्वतः बांधावर मधमाश्या पाळल्या. मातीच्या लांब नळ्या एकावर एक रचलेल्या. पुढून माश्यांची ये-जा, मागून मध काढायचं झाकण. शेतात पाणी सोडायची वेळ आली की नळ्या गाढवांवर लादून उंचावर न्यायच्या आणि पाणी ओसरलं की परत आणायच्या, यातच त्याचं वर्ष सरायचं.

गावातले ग्रीक आपले करार त्याच्याकडे ठेवायला द्यायचे. ते त्याच्या प्रामाणिकपणामुळे नव्हे, असं त्याची बायको तासूखिस म्हणायची. ती याच मातीतली, तिचं ग्रीक मोडकं होतं पण तिखट होतं. “ह्यांना बोलायचाच कंटाळा,” ती म्हणायची, “म्हणून लोकांना वाटतं ह्यांच्या पोटात काही राहतं.”

करार म्हणजे पपायरसचा एक लांबट कागद. त्याच्यावर एकच मजकूर दोनदा लिहायचा. वरचा मजकूर घट्ट गुंडाळून दोऱ्यानं बांधायचा आणि दोऱ्यावरच्या ओल्या मातीत सहा साक्षीदारांनी आपापल्या अंगठीची मोहर उठवायची. खालचा मजकूर मोकळा लोंबता ठेवायचा, कोणालाही वाचता यावा म्हणून. पुढेमागे भांडण झालंच, तर न्यायाधीशांसमोर मोहरा फोडायच्या आणि आतला मजकूर खरा धरायचा. मध्ये कोणी मोहरेला हात लावला तर कागद रद्द. सहांपैकी एक साक्षीदार कागदाचा राखणदार असायचा. केफालोन अशा चार-पाच कागदांचा राखणदार होता. ते सगळे चुलीजवळच्या कोरड्या कोनाड्यात एका रांजणात ठेवलेले असायचे.

त्यातला एक कागद आरिस्तांद्रोसचा होता. आरिस्तांद्रोस घोडदळातला जुना सरदार, केफालोनच्या शेजारचा शेतकरी. बायको नाही, मूल नाही. घरात मेलिन्ना नावाची गुलाम बाई. लहान असताना कुठल्याशा बंदरावरून विकत आणलेली. स्वयंपाक, माग, कोंबड्या, म्हाताऱ्याची पाठदुखी, सगळं तीच बघायची. तिला एक मुलगी होती, मिर्तो. मिर्तोचे डोळे कोणावर गेलेत हे गावात सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ती जन्मायच्या आधी, एका वसंतात, आरिस्तांद्रोसनं साक्षीदार बोलावून मेलिन्नाला गुलामीतून सोडल्याचा कागद केला होता.

कापणीच्या दिवसांत आरिस्तांद्रोस गेला. त्याचा पुतण्या तिमोक्रातीस अलेक्झांड्रियाहून होडी घेऊन आला. तो सैन्याच्या कचेरीत होता, अंगावर तलम कपडे, बोलणं मऊ. काकाचे अंत्यविधी नीट केले, रडलाही. तिसऱ्या दिवशी त्यानं घरातल्या वस्तू होडीत भरायला सुरुवात केली आणि वस्तूंबरोबर मेलिन्ना आणि मिर्तो यांनाही न्यायचं ठरवलं. तिकडे त्याच्या ओळखीचं एक गिऱ्हाईक ठरलेलं होतं.

मेलिन्ना तेव्हा कालव्यावर धुणं धूत होती. शेजारणीनं धावत येऊन सांगितलं तशी ती ओल्या कपड्यांनिशी देमेतर देवीच्या देवळात पळाली आणि वेदीला मिठी मारून बसली. तिथून तिला ओढून काढायची कोणाची हिंमत नव्हती. पण मिर्तो घरी होती आणि ती सापडली.

मेलिन्नानं वेदीजवळ बसूनच अर्ज लिहवून घेतला. शहरातल्या न्यायाधीशांनी सुनावणीची तारीख दिली आणि केफालोनला निरोप आला: कागद घेऊन हजर व्हा.

*

निरोपाच्या दुसऱ्याच दिवशी तिमोक्रातीस केफालोनच्या दारात आला. बरोबर थिबिसच्या खजुराची टोपली.

“काका, किती वर्षांनी भेटतोय,” तो ओट्यावर बसत म्हणाला. “लहानपणी तुमच्या मधाच्या नळीत हात घातला होता मी, आठवतं? हात असा सुजला होता!”

“आठवतं,” केफालोन म्हणाला.

“तुमचा थेरोन कसा आहे? बाप होणार म्हणे. तुमच्यामागे ही जमीन त्याच्या नावावर व्हायला हवी, नाही का? राजाची जमीन, राजानं परत घेतली तर काय करणार. नोंदणीवाला माझा मित्रच आहे. एका ताटात जेवतो आम्ही.” त्यानं एक खजूर उचलून स्वतःच तोंडात टाकला. “तुम्ही फक्त एवढं सांगायचं, की कागद उंदरांनी खाल्ला. असं होतंच की. कोण तुम्हाला दोष देणार?”

केफालोननं टोपलीला हात लावला नाही.

“आणि नाहीच सांगितलंत,” तिमोक्रातीस उठत म्हणाला, आवाज तसाच मऊ, “तर नोंदणीवाला तरीही माझा मित्रच आहे.”

तो गेल्यावर तासूखिसनं खजुराची टोपली उचलली आणि दाराबाहेर गाढवापुढे ठेवली.

“अहो, बघत काय बसलात? रांजण काढा. निदान आहे तरी का धड, ते बघू.”

केफालोननं रांजणाचं फडकं सोडलं, कागद बाहेर काढला आणि तो हातात धरून तसाच बसून राहिला. उंदरांनी खरोखरच खाल्ला होता. मध काढलेल्या हातांनीच तो कागद आत-बाहेर करायचा, त्या वासानं उंदीर आले असणार. वरची गुंडाळी शाबूत होती, दोरा शाबूत होता, सहा मोहरा जागच्या जागी होत्या. पण खालचा मोकळा मजकूर मध्यातून गायब. वरती तारीख आणि राजाचं नाव, खाली साक्षीदारांची नावं आणि मध्ये दातेरी भोक.

“आत आहेच ना सगळं?” तासूखिसनं विचारलं.

“आत आहे.”

“मग तोंड का असं?”

केफालोननं कपाळावरून हात फिरवला. “आत काय आहे ते मला आठवत नाही. मेलिन्नाला सोडलं, एवढं आठवतं. पण कधीपासून? मरणानंतर सोडली असं लिहिलं असेल, तर मिर्तो गुलाम बाईच्या पोटी आली. आई सुटेल, पोरगी जाईल.”

“तुम्ही होतात ना तिथं? वाचून दाखवलं असेल ना?”

“होतो. उन्हाचे दिवस होते. माझ्या दोन पोळ्यांमधल्या माश्या उठल्या होत्या त्या दिवशी. माझं चित्त तिकडे.”

तासूखिसनं कागद त्याच्या हातातून घेऊन रांजणात परत ठेवला आणि फडकं बांधलं. 

*

देवळात जाऊन केफालोन मेलिन्नाला भेटला. वेदीच्या पायरीवर ती तकलीवर सूत कातत बसली होती. पुजारीणबाई भाकरीच्या बदल्यात तिच्याकडून काम करून घेत होत्या. ती वाळली होती, पण तकली थांबली नव्हती.

“पोरीला पाहिलंत का?” तिनं आधी तेच विचारलं.

“नाही. घराचं दार बंद असतं.”

“जात्याला बांधलीय तिला. मोलकरीण सांगून गेली. घोट्याला दोरी.” तकली क्षणभर अडली, पुन्हा फिरली. “कागद आहे ना, केफालोनबाबा?”

“आहे. खालचा भाग उंदरांनी खाल्लाय. मेलिन्ना, त्यात नेमकं काय होतं? तुला आठवतं?”

“मला?” ती पहिल्यांदाच हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. “तुम्ही सगळे आत बसून दारू पीत होता. मी दाराबाहेर उभी होते. मालकांनी आधी सांगितलं होतं, ‘माझ्यामागे तू मोकळी.’ मी म्हटलं, तुमच्यामागे नको, आजपासून लिहा. तुम्ही जिवंत असेपर्यंत मी इथंच राहीन, भाकरी भाजीन, पाय चेपीन, पण लिहायचं आजपासून. कारण मला दिवस गेले होते. त्यांना तेव्हा सांगितलं नव्हतं.”

“मग लिहिलं का तसं?”

“मालक म्हणाले, लिहिलं.” तिनं वर पाहिलं. “मला वाचता येतं का, बाबा? मालक म्हणाले, एवढंच माझ्याकडे आहे. बाकी तुमच्या रांजणात.”

परतताना केफालोन दर पावलाला नेहमीपेक्षा मोठ्यानं कण्हत होता.

थेरोन त्या संध्याकाळी जेवायला आला. केफालोनचा एकुलता एक मुलगा, रुंद खांद्यांचा, रागीट. जमीन खरं तर तोच कसायचा. डाळीचा वाडगा त्यानं तसाच ठेवला.

“बाबा, तिमोक्रातीस मला भेटला.”

“मलाही.”

“मग काय ठरवलंत?”

“सुनावणीला जायचं.”

“आत काय लिहिलंय ते तुम्हालाच माहीत नाही! उद्या मोहरा फोडल्या आणि आत ‘मरणानंतर’ निघालं, तर? पोरगी तर जाईलच, वर आपली जमीनही जाईल. माझं मूल काय खाणार, तुमचा शब्द?”

“हळू बोल,” तासूखिस म्हणाली. “भिंतीला भिंत लागून आहे.”

“का हळू बोलू? चौदा वर्षांचा असल्यापासून तो बांध मी घालतोय, आई. पाय ह्यांचा मोडला, पाठ माझी मोडली.”

“खरंय ते,” केफालोन म्हणाला.

“खरंय म्हणू नका! काहीतरी करा!”

“काय करू? मोहर उठवलीय मी त्या कागदावर.”

थेरोन उठला आणि निघून गेला. वाडगा भरलेला तसाच राहिला.

*

सुनावणीच्या सकाळी केफालोननं अंघोळ केली, ठेवणीतला अंगरखा घातला, गाढवावर खोगीर चढवलं आणि कागद घ्यायला कोनाड्यापाशी गेला. रांजणाचं फडकं बांधलेलं होतं, पण गाठ वेगळी होती. ओढली की आणखी घट्ट होणारी, बैलाच्या दाव्याला थेरोन मारायचा ती गाठ.

आत बाकीचे कागद होते. आरिस्तांद्रोसचा नव्हता.

तासूखिस शेजारी येऊन उभी राहिली. तिनं गाठीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि भिंतीला टेकली. “मी पहाटे पाणी आणायला गेले होते तेव्हा आला असेल,” ती म्हणाली. “अहो, त्याला मारू नका.”

“तो माझ्या दुप्पट आहे,” केफालोन म्हणाला.

तो गाढव विसरून पायीच निघाला. तिमोक्रातीस उतरला होता त्या आरिस्तांद्रोसच्या घराचा रस्ता कालव्याच्या बांधावरून जायचा. उन्हं वर येत होती. शहराला पोचायला अर्धी सकाळ लागायची. न्यायाधीश कोणासाठी थांबत नसत, हजर नसेल त्याची बाजू पडायची. प्रत्येक पाऊल टाकताना त्याला वाटत होतं, एव्हाना दिला असेल. एव्हाना तिमोक्रातीसनं चुलीत घातला असेल. पपायरस किती लवकर जळतं हे त्यानं पाहिलं होतं. आणि मग, चालता चालता, त्याला दुसराही विचार आला: बरंच झालं. आपण काही केलं नाही. पोरानं केलं. जमीन राहिली, नातवाला राहिली, आणि आपण न्यायाधीशांसमोर जाऊन खरंच सांगू शकतो की कागद नाही. हा विचार इतका सुखाचा होता की त्याचं पाऊल हळू झालं. तो क्षणभर बांधावर उभाच राहिला. मग स्वतःच्याच मांडीवर त्यानं मूठ मारली आणि पुन्हा चालू लागला.

मधाच्या नळ्यांपाशी थेरोन बसला होता. गुडघे पोटाशी, डोकं खाली. एक डोळा माशी चावून मिटला होता, पण त्याला त्याचं भान नव्हतं.

“दिलास?” केफालोननं विचारलं.

थेरोननं अंगरख्यातून कागद काढून मांडीवर ठेवला.

केफालोननं वाकून एकेक मोहर बघितली. हात न लावता त्यानं सहाही मोजल्या.

“दारापर्यंत गेलो,” थेरोन म्हणाला. “दार उघडं होतं. अंगणात ती दळत होती. जातं तिच्याच्यानं फिरत नाही, बाबा. दोन्ही हातांनी ओढते आणि मग अंगानं ढकलते. दोरीनं घोटा सोललाय. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘थेरोनदादा, आईला सांग मी रडत नाहीये.’”

माश्या घोंगावत होत्या.

“मला वाटलं फेकावा कालव्यात आणि सुटावं. तेही जमेना. घरीही यायची लाज वाटली.” त्यानं बापाकडे एका डोळ्यानं पाहिलं. “मला जमीन हवीय, बाबा. अजूनही हवीय. असं नाही की आता नकोय.”

“मला माहीत आहे,” केफालोन म्हणाला. “ऊठ. गाढव घेऊन ये. आणि त्या डोळ्याला माती लाव.”

*

न्यायाधीश शहरातल्या बाजाराजवळच्या ओवरीत बसायचे. देवळातल्या पवित्र मगरीला खाऊ घालायला आलेल्या लोकांची बाहेर गर्दी होती, आणि बाप-लेक घामानं भिजून आत शिरले तेव्हा कारकून मेलिन्नाचं नाव दुसऱ्यांदा पुकारत होता. ती देवीच्या पुजारीणबाईंच्या सोबतीनं आली होती. बाईमाणसाला तिथं एकटीनं बोलता येत नसे, म्हणून शहरातला एक विणकर तिचा पालक म्हणून शेजारी उभा होता. तिनं केफालोनला पाहिलं आणि भिंतीचा आधार सोडला.

समोर तिमोक्रातीस होता. आणि त्याच्या शेजारी, काठीवर हनुवटी टेकून, बिथिस.

बिथिस थ्रेसचा, जुना घोडेस्वार. कागदावरचा सहावा साक्षीदार. बाकीच्यांपैकी दोघे मेले होते आणि दोघे केव्हाच दूरच्या ठाण्यांवर गेले होते. या भागात उरले होते ते बिथिस आणि केफालोनच. एके काळी दोघं एका पेल्यातून प्यायचे. मग मिर्तो पाळण्यात असताना एका दुपारी केफालोनच्या माश्यांनी बिथिसची घोडी फोडून काढली. घोडी उधळली, कालव्यात पडली, लगाम धरलेल्या बिथिसला घेऊन पडली. बिथिस वाचला. घोडी गेली. त्यानंतर बिथिस केफालोनशी एक अक्षर बोलला नव्हता. रस्त्यात दिसला तर थुंकायचा. तिमोक्रातीसनं नेमका माणूस आणला होता.

मुख्य न्यायाधीश पोक्त, थंड डोळ्यांचा माणूस होता. त्यानं कागद हातात घेतला, भोक पाहिलं, मोहरा पाहिल्या.

“राखणदार कोण?”

“मी. केफालोन.”

“राजाची शपथ घेऊन सांग. मोहरा लागल्यापासून हा कागद तुझ्या ताब्यातून कधी बाहेर गेला होता का?”

ओवरीत बाहेरचा गलका ऐकू येत होता. केफालोनला वाटलं, ‘नाही’ हा किती लहान शब्द आहे. म्हटला की संपलं. थेरोनचं नाव निघणार नाही, कागदावर डाग लागणार नाही. आणि शपथ? शपथ काय, राजा अलेक्झांड्रियात बसलाय. पण तिमोक्रातीस त्याच्याकडे जरा जास्तच शांतपणे बघत होता. थेरोनला त्याच्या दारात त्यानं पाहिलं होतं की नव्हतं? केफालोनला सांगता येईना. त्याच्या कपाळावरचा घाम भुवयांत उतरला.

“उत्तर दे.”

“गेला होता,” केफालोन म्हणाला. “आज सकाळी.”

मेलिन्नाच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला.

“कोणाकडे?”

“माझ्याकडे,” मागून थेरोन म्हणाला. तो पुढे आला. सुजलेला डोळा, गालावर वाळलेली माती. बाकावरचे दोघे-तिघे न्यायाधीश पुढे झुकले. “मी घेतला होता. ह्यांना द्यायला.” त्यानं तिमोक्रातीसकडे बोट केलं. “जमीन माझ्या नावावर करून देतो म्हणाले होते. मग दिला नाही. मोहरांना हात लावलेला नाही.”

“खोटं!” तिमोक्रातीसचा आवाज पहिल्यांदाच चढला, पण त्यानं तो लगेच खाली आणला. “महाराज, मी काय म्हणू? ह्यांनी स्वतःच कबूल केलं. कागद चोरीला गेला होता. खालचा मजकूर सोयीनं नाहीसा झालाय. वरचा उघडून, हवं ते लिहून, पुन्हा बांधला नसेल कशावरून? ती मोहर बघा, भेगाळलेली. तीच बिथिसची. विचारा त्याला, ती त्याची आहे का.”

न्यायाधीशानं कागद बिथिसकडे दिला. बिथिसनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. केफालोन तोंडावर काही दिसू न देण्याचा प्रयत्न करत होता.

“ही भेग नवी आहे का?” न्यायाधीशानं विचारलं.

“माती आहे. मातीला भेगा पडतात. मलाही पडल्यात.”

“मोहर तुझी आहे?”

बिथिसनं कागद पुन्हा उजेडाकडे धरला.

“बिथिस,” केफालोनच्या तोंडून निघून गेलं.

“ए केफ्या, तू गप्प बस!” बिथिस खेकसला. “तुझ्याशी नाही बोलत मी. मी ह्यांच्याशी बोलतोय.” तो न्यायाधीशांकडे वळला. “माझीच आहे. घोडीचं तोंड आणि खाली चंद्रकोर. माझी अंगठी होती ती. ह्या माणसाच्या हलकट माश्यांनी माझी घोडी कालव्यात घातली, त्या दिवशी लगामाबरोबर अंगठीही बोटातून सोलून निघाली. गाळात गेली. आठ दिवस गडी लावून शोधली. सगळं गाव हसत होतं. कोणालाही विचारा.” त्यानं रिकामं बोट वर केलं; त्यावर जुना पांढरा वण होता. “त्यानंतर ती मोहर कोणाच्या बापाला उठवता आलेली नाही. म्हणजे हा कागद त्याआधी बांधलाय आणि नंतर उघडलेला नाही. मला घोडी भरून मिळणार नाही, ते मला माहीत आहे. पण माझी मोहर खोटी आहे असं म्हणवून घ्यायला मी एवढ्या उन्हात आलेलो नाही.”

“बिथिस, आपलं काय ठरलं होतं?” तिमोक्रातीस हळूच म्हणाला.

“तू म्हणालास, केफालोनविरुद्ध साक्ष द्यायचीय. दिली की. त्याच्या माश्या हलकट आहेत.”

एक न्यायाधीश हसला. मुख्य हसला नाही. न्यायाधीशांनी आपसांत डोकी एकत्र केली. ते बोलत असताना मेलिन्ना डोळे मिटून उभी होती आणि तिची बोटं नसलेल्या तकलीवर फिरत होती.

“उघडा,” मुख्य म्हणाला.

कारकुनानं सुरी घेतली. मोहरा एकेक करून फुटल्या. मातीचे तुकडे मेजावर पडले. दोरा निघाला. इतक्या वर्षांत गुंडाळीला बाक आला होता, ती उलगडेना. कारकून दोन्ही हातांनी ती दाबून वाचू लागला. राजाचं नाव, वर्ष, महिना, गाव. आरिस्तांद्रोसचं वय, उंची, कपाळावरची खूण. कारकुनाचा आवाज कंटाळलेला होता. केफालोनला ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. मग मेलिन्नाचं नाव आलं.

“‘...मी मेलिन्ना हिला मुक्त करतो, आजच्या दिवसापासून. मी जिवंत असेपर्यंत तिनं माझ्या घरी राहावं. माझ्यामागे तिला किंवा तिच्या पोटच्या मुलाबाळांना कोणी धरू नये, कोणी नेऊ नये...’”

“पुन्हा वाच,” न्यायाधीश म्हणाला.

“आजच्या दिवसापासून,” कारकुनानं वाचलं.

मेलिन्ना खाली बसली. रडली नाही. पुजारीणबाई तिला उठवायला लागल्या तर तिनं त्यांचा हात बाजूला केला आणि फरशीवर तशीच बसून राहिली.

*

शिपाई बरोबर घेऊन ते तिसऱ्या प्रहरी गावात परतले. तिमोक्रातीस घरी आलाच नाही. शहरातूनच त्यानं होडी गाठली होती. दार मोलकरणीनं उघडलं. मेलिन्ना पुढे धावली.

मिर्तो जात्यापाशी उभी होती. आईला पाहून तिनं जात्याचा खुंटा आणखी घट्ट धरला. थेरोननं सुरी काढून घोट्याची दोरी कापली, तरी ती हलेना.

“चल, सोनं माझं,” मेलिन्ना म्हणाली.

“पीठ अजून व्हायचंय,” मिर्तो म्हणाली. “ते म्हणाले, पीठ झाल्याशिवाय हलायचं नाही.”

“ते गेले.”

“परत येतील.”

मेलिन्नानं पोरीचं एकेक बोट खुंट्यावरून सोडवलं. मग पहिल्यांदा दोघी रडल्या. केफालोन दाराबाहेर जाऊन उंबऱ्यावर बसला.

“आता कुठं जायचं?” आतून मिर्तोचा आवाज आला.

“आधी जेवायला,” तासूखिस म्हणाली. ती केव्हा आली ते कोणाला कळलं नव्हतं. “मासे तळलेत. तुझ्या घोट्याला मध लावू. ह्यांच्या मधाचा एकदा तरी चांगला उपयोग होऊ दे.”

मेलिन्ना आणि मिर्तो पुढे शहरात राहिल्या, त्याच विणकराच्या मागावर. सणासुदीला यायच्या. मिर्तो चालताना थोडा पाय ओढायची, केफालोनसारखी. गावातली पोरं त्यावरून तिला चिडवायची आणि ती दगड मारायची.

जमिनीचं काय व्हायचं ते झालं. त्यानंतर काही वर्षांनी केफालोन थंडीतापानं गेला, तेव्हा थेरोननं अर्ज केला आणि नोंदणीच्या कचेरीतून उत्तरच आलं नाही. दुसऱ्या हंगामात मॅसिडोनियाहून आलेला एक तरणा सैनिक कागद दाखवत बांधावर उभा राहिला. थेरोननं त्याला पाट दाखवला, उताराची बाजू दाखवली, कुठं पाणी तुंबतं ते दाखवलं. घरी येऊन तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं आईला विचारलं, “बाबांनी त्या दिवशी ‘कागद नाही’ म्हटलं असतं तर?”

“तर तुझ्याकडे जमीन असती,” तासूखिस म्हणाली. ती कधी गुळमुळीत बोलली नाही. “मिर्तो कुठं असती ते माहीत नाही.”

थेरोननं हातावरचे घट्टे निरखले. मग तो उठला आणि गाढवं बघायला गेला. कालव्याला पाणी सुटायच्या आत नळ्या उंचावर न्यायच्या होत्या.